माहेर दूर आणि दिवस भरत आलेले

नागपूरच्या दक्षिणेस, मानेवाडा ओलांडून पुढे गेले म्हणजे लागणारे हुडकेश्वर हे अगदी अलीकडेपर्यंत ग्रामपंचायतीच्या कारभारातले गाव होते. त्याची शेते एकामागून एक अकृषक झाली, त्यांचे लेआउट पडले, आणि त्या लेआउटांतून निवृत्त शिक्षक, एस.टी.तले व वीज मंडळातले कर्मचारी, बँकांतले कारकून अशा माणसांनी हयातभराची शिल्लक घालून आधी दोन खोल्यांची आणि मुले मिळवती झाल्यावर वर मजला चढवलेली घरे बांधली. याच घरांतली मुलेमुली पदव्या घेऊन प्रथम पुण्या-हैदराबादला आणि तेथून न्यू जर्सी, म्युनिक, दुबई, मेलबर्न अशा मुलखांत गेली. त्यामुळे एखाद्या संध्याकाळी फोनवर लेक जेव्हा सांगते की, "आई, दिवस राहिलेत गं," तेव्हा आनंदाचा पहिला भर ओसरताच जो प्रश्न दोन्ही टोकांना एकाच वेळी उभा राहतो, तो हा की बाळंतपण तिकडेच करायचे की इकडे यायचे.

जुन्या व्यवस्थेत हा प्रश्न उपस्थितच होत नसे. पहिलटकरणीचे बाळंतपण माहेरी, हा महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांतला अलिखित कायदा होता. सातव्या महिन्यात ओटी भरून लेकीला आणायचे, आठव्यात प्रवास करू द्यायचा नाही, आणि सव्वा महिना पुरा झाल्यावाचून बाळंतिणीला चुलीशी उभे राहू द्यायचे नाही, या नेमांच्या मुळाशी धर्मापेक्षा व्यवहार अधिक होता. सासरी जी सून पहाटेपासून राबत असे, तिच्या वाट्याला येणारी हक्काची विश्रांती ही एवढीच. ती तिला आपल्याच आईच्या हाताखाली, संकोच न करता, रात्री अपरात्री हाक मारता येईल अशा ठिकाणी मिळावी, ही त्या रूढीमागची समजूत मला आजही सर्वस्वी योग्य वाटते.

मात्र त्या काळाचे गोडवे गाताना त्याची किंमत विसरता कामा नये. आनंदीबाई जोशी वयाच्या चौदाव्या वर्षी बाळंत झाल्या आणि त्यांचे मूल दहा दिवसांत गेले. त्या दुःखातूनच 1883 मध्ये त्या समुद्र ओलांडून अमेरिकेस गेल्या, 1886 मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून एम.डी. झाल्या, आणि तेथे प्रबंधासाठी त्यांनी विषय निवडला तो आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा. परदेशात बसून मराठी बाईने बाळंतपणाचा इतका गंभीर विचार त्यापूर्वी केल्याचे मला तरी ठाऊक नाही. आणि खुद्द नागपुरात, 1921 साली, कमलाताई होस्पेट यांनी वेणूताई नेने यांच्या साहाय्याने मातृसेवा संघाची स्थापना केली, तेव्हा त्यांच्यासमोर असलेला प्रश्नही स्थळाचाच होता. घरातल्या अंधाऱ्या खोलीत, अशिक्षित सुइणीच्या हाती, की स्वच्छ सूतिकागृहात, शिकलेल्या परिचारिकेच्या हाती? त्या काळी घराबाहेर बाळंत होण्याची कल्पनाच अनेक कुटुंबांना अप्रशस्त वाटे, तरीही कमलाताईंसारख्या तरुण विधवेने ती या शहरात रुजवली. तेव्हा बाळंतपणाची जागा एकदा परंपरेने ठरली म्हणजे ती कायमची ठरली, असे नागपूरकरांनी तरी म्हणू नये.

आजच्या नागपुरात वैद्यकीय सोयींची उणीव आहे म्हणून लेकीने तिकडेच राहावे, असे म्हणण्यास आधार नाही. 1947 साली सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, ज्याला सारे शहर नुसते 'मेडिकल' म्हणते, ते हुडकेश्वरपासून फार लांब नाही; स्त्रियांसाठी डागा रुग्णालय आहे, मिहानमध्ये एम्स आहे, आणि खाजगी प्रसूतिगृहे तर चौकाचौकांत आहेत. विचार करण्यासारखी गोष्ट निराळीच आहे. 2019 ते 2021 या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतातील खाजगी रुग्णालयांत शंभरापैकी सुमारे 47 प्रसूती शस्त्रक्रियेने झाल्या, तर सरकारी रुग्णालयांत 14. इतकी मोठी तफावत केवळ स्त्रियांच्या प्रकृतीतल्या भेदाने उद्भवत नाही. उलट नेदरलँड्समध्ये निरोगी गर्भिणीची सारी देखभाल सुईणच करते आणि इच्छा असेल तर प्रसूती घरीही होते. तेथून आलेल्या मुलीला इथल्या डॉक्टरांनी अडतिसाव्या आठवड्यात शस्त्रक्रियेची तारीखच हाती दिली तर तिने भांबावून जाणे स्वाभाविक आहे. म्हणून रुग्णालय निवडताना वातानुकूलित खोली आहे की नाही हे विचारण्यापूर्वी, नैसर्गिक प्रसूतीसाठी तुम्ही किती वाट पाहता, नवजात अर्भकांचा अतिदक्षता विभाग याच इमारतीत आहे का, आणि रात्री दोन वाजता भूलतज्ज्ञ किती वेळात हजर होतो, हे तीन प्रश्न स्पष्ट शब्दांत विचारावेत.

प्रवासाच्या बाबतीत आजीबाईंचा नेम आणि विमान कंपन्यांचा नियम यांच्यात मोठे साम्य आहे. बहुतेक कंपन्या अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर डॉक्टरांचा दाखला मागतात आणि एकच गर्भ असेल तर साधारण छत्तिसाव्या, जुळे असेल तर बत्तिसाव्या आठवड्यानंतर विमानात घेत नाहीत; प्रत्येक कंपनीची मर्यादा निराळी असल्याने ती तिकिटापूर्वीच तपासून घ्यावी लागते. लांबच्या प्रवासात तासन् तास पाय लोंबकळत राहिल्याने पायांच्या शिरांत रक्त गोठण्याचा धोका असतो आणि तो गरोदरपणी वाढतो, म्हणून अधूनमधून उठून चालणे, पाणी पिणे आणि डॉक्टर सांगतील तर घट्ट मोजे घालणे आवश्यक ठरते. न्यू जर्सीहून नागपूर म्हणजे दिल्ली, मुंबई किंवा दोहा येथे विमान बदलून जवळजवळ एक संपूर्ण अहोरात्र. यायचेच असेल तर सहाव्या महिन्यात यावे, आठव्याची वाट पाहू नये. ऋतूचाही विचार हवा. नॉर्वे-जर्मनीच्या थंडीतून निघून मे महिन्याच्या पंचेचाळीस अंशांत, वाळ्याच्या ताट्यांच्या कूलरवर आणि मध्येच जाणाऱ्या विजेवर भरवसा ठेवून पोट सांभाळणे हे इथे वाढलेल्या मुलीलाही जड जाते.

हिशेब इथेच गुंतागुंतीचा होऊ लागतो, कारण सहाव्या-सातव्या महिन्यात आलेली मुलगी तीन महिने बाळंतपणापूर्वी आणि बाळाचे पारपत्र व व्हिसा हाती येईपर्यंत आणखी दोन-तीन महिने, अशी सहा महिन्यांच्या आसपास नवऱ्यापासून आणि आपल्या वास्तव्य-परवान्यापासून दूर राहते. जर्मनीचा परवाना सहा महिन्यांहून अधिक काळ देशाबाहेर राहिल्यास सामान्यतः रद्द होतो. संयुक्त अरब अमिरातीतही बहुतेक परवान्यांना देशाबाहेर राहण्याची मर्यादा सहा महिन्यांचीच आहे. तिकडचा आरोग्य विमा इथल्या खर्चाला सहसा लागू होत नाही, आणि इथल्या विम्यात प्रसूतीची तरतूद असलीच तरी तिला अनेकदा काही वर्षांचा प्रतीक्षाकाल असतो, त्यामुळे सारा खर्च पदरचाच धरावा. तरीही तो अमेरिकेतल्या आकड्यांपुढे थोडा वाटतो. कैसर फॅमिली फाउंडेशनने 2022 मध्ये केलेल्या पाहणीत तेथील मोठ्या कंपन्यांच्या विम्यातल्या स्त्रीच्या गरोदरपणाचा व बाळंतपणाचा एकूण खर्च सरासरी 18,865 डॉलर निघाला आणि त्यातले 2,854 डॉलर तिला स्वतःला भरावे लागले. ब्रिटनमध्ये व्हिसाबरोबर वर्षाला 1,035 पौंड आरोग्य अधिभार आधीच भरलेला असतो, त्यामुळे तेथे प्रसूतीसाठी वेगळे बिल येत नाही. घरातले वडील अनेकदा केवळ रुपयांत गुणाकार करून निर्णय देतात. परंतु विम्याचा दस्तऐवज वाचल्यावाचून केलेला हा गुणाकार निरुपयोगी आहे.

आता नागरिकत्वाकडे वळतो, कारण हुडकेश्वरच्या ओसरीवर या विषयाची चर्चा बहुधा तेथूनच सुरू होते आणि पुष्कळदा तेथेच थांबते. जन्मभूमीवरून नागरिकत्व देणारे देश आज थोडे आहेत. ब्रिटनने 1 जानेवारी 1983 पासून, ऑस्ट्रेलियाने 20 ऑगस्ट 1986 पासून आणि आयर्लंडने 2005 पासून हा सरसकट अधिकार बंद केला. तेथे आईबापांपैकी एक नागरिक किंवा स्थायी रहिवासी असावा लागतो, अथवा कायद्याने घातलेली वास्तव्याची अट पुरी करावी लागते. आखाती देशांत तर तो नव्हताच, आणि दुबईत जन्मलेले मराठी मूल भारतीयच राहते. कॅनडात तो आहे. अमेरिकेत तो 1868 च्या चौदाव्या घटनादुरुस्तीने मिळाला आणि 1898 मध्ये वाँग किम आर्क या चिनी आईबापांच्या मुलाच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. 20 जानेवारी 2025 रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या आईच्या, आणि ज्याचा पिता नागरिक वा स्थायी रहिवासी नाही अशा मुलास हा अधिकार नाकारणारा हुकूम काढला; न्यायालयांनी त्याची अंमलबजावणी रोखली आणि वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्या हुकमाच्या अंमलाची तारीख येण्यापूर्वी मूल जन्माला यावे म्हणून काही भारतीय जोडपी दिवस भरण्याआधीच शस्त्रक्रिया करता येईल का, अशी विचारणा डॉक्टरांकडे करीत असल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. त्या वाचून मन विषण्ण झाले. ज्या अर्भकाची फुप्फुसे अजून तयार व्हायची आहेत त्याला एका दाखल्यासाठी बाहेर काढण्याचा विचार आईबापांच्या मनात यावा, इतकी त्या कागदाची दहशत आपणच निर्माण केली आहे.

कागद क्षुद्र आहे असे मात्र मी म्हणणार नाही. अमेरिकेत वडिलांच्या नोकरीवर अवलंबून असलेल्या मुलाचा आश्रित दर्जा एकविसाव्या वर्षी संपतो, आणि ग्रीन कार्डच्या भारतीयांसाठीच्या रांगेची लांबी पाहता भारतात जन्मून तेथे वाढलेल्या मुलांपुढे ऐन कॉलेजच्या वयात देश सोडण्याचा प्रसंग खरोखरच उभा राहतो. उलट बाजूही तितकीच खरी आहे. आपला 1955 चा नागरिकत्व कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाही; अमेरिकेचे पारपत्र घेतलेल्या बाळास ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड मिळते, त्यावर ये-जा आणि वास्तव्य करता येते, परंतु मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. शिवाय मार्च 2021 च्या अधिसूचनेने असे ठरवले आहे की नीट आणि जेईईसारख्या परीक्षांतून प्रवेश घेताना या कार्डधारकांना अनिवासी भारतीयांच्या किंवा अधिसंख्य जागांवरच हक्क सांगता येतो. दहा वर्षांनी नागपुरात परतून मुलाला मेडिकलला घालू, असे मनात योजणाऱ्या कुटुंबांना ही अट सहसा माहीत नसते. अमेरिकी नागरिकास जगात कोठेही मिळवलेल्या उत्पन्नावर तेथे करविवरण भरावे लागते, आणि आईबापांसाठी तो स्थायी वास्तव्याचा अर्ज करू शकतो तोही स्वतः 21 वर्षांचा झाल्यावरच.

परदेशात जन्मलेल्या, पण तेथील नागरिकत्व न मिळालेल्या मुलाच्या बाबतीत एक मुदत अत्यंत महत्त्वाची आहे. जन्मापासून एक वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत त्याची नोंद व्हावी लागते आणि त्याच्याकडे अन्य देशाचे पारपत्र नाही असे आईबापांना लेखी द्यावे लागते; वर्ष उलटल्यास केंद्र सरकारची परवानगी लागते. इकडे, नागपुरात जन्म झाला तर रुग्णालयामार्फत 21 दिवसांत महापालिकेकडे नोंद होते. परंतु आईबाप दोघेही परकीय नागरिक झालेले असतील तर ते मूल नागपुरात जन्मूनही भारतीय ठरत नाही. आजी-आजोबांना हे ऐकून धक्का बसतो, पण 1 जुलै 1987 पासून कायदा असाच आहे, आणि अशा बाळासाठी त्याच्या देशाच्या वकिलातीतून पारपत्र आणून परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाकडून बाहेर जाण्याची परवानगी घ्यावी लागते.

नावाची गोष्टही याच खात्यातली. आपल्याकडे बाराव्या दिवशी बारसे, आत्या बाळाच्या कानात नाव सांगणार, आणि महापालिकेच्या नोंदीत तोवर नावाचा रकाना रिकामा राहिला तरी चालते. बारा महिन्यांपर्यंत ते विनाशुल्क भरता येते. अमेरिकेत मात्र बाळंतीण घरी जाण्यापूर्वीच रुग्णालयातला कारकून अर्ज घेऊन खाटेशी येतो. इंग्लंडमध्ये 42 दिवसांची मुदत असल्याने बारसे निभावते. म्हणून हुडकेश्वरच्या आत्याने सुचवलेली दोन नावे आणि त्यांचे स्पेलिंग बाळंतपणापूर्वीच तिकडे पोचलेले बरे. आईबापांची नावे दाखल्यावर त्यांच्या पारपत्रातल्या अक्षरांशी तंतोतंत जुळली पाहिजेत, कारण वडिलांचे नाव मधे लिहिण्याच्या आपल्या पद्धतीने परक्या कचेरीत हमखास घोटाळा होतो आणि तो दुरुस्त करण्यात बाळाचे पहिले वर्ष जाते.

एवढे सारे सांगितल्यावर मला वाटणारी मुख्य गोष्ट सांगतो. बाळंतपण कोठे करावे याचा निर्णय आपण प्रसूतीच्या एका दिवसाकडे पाहून घेतो, आणि तो घ्यायला हवा पुढच्या चाळीस दिवसांकडे पाहून. प्रसूती आज न्यू जर्सीतही होते आणि नागपुरातही होते. परंतु तिसऱ्या रात्री, दूध नीट उतरलेले नसताना, टाके ठणकत असताना आणि बाळ एकसारखे रडत असताना, त्याला दोन तास उचलून घेऊन "तू झोप" असे म्हणणारे माणूस कोठे आहे? अमेरिकेत 1993 च्या कायद्याने मिळणारी रजा बारा आठवड्यांची, तीही बिनपगारी, आणि लहान कंपन्यांतल्या नोकरदारांना तीसुद्धा नाही. तिसऱ्या दिवशी घरी आलेली मुलगी आणि आठवड्याने कामावर जाणारा नवरा, असे ते घर. दुसरीकडे काही देशांनी माहेरचे काम राज्यव्यवस्थेवर घेतले आहे. नेदरलँड्समध्ये बाळंतपणानंतर जवळजवळ आठवडाभर दररोज प्रशिक्षित परिचारिका घरी येते, आईचा ताप पाहते, बाळाचे वजन करते, अंगावर पाजायला शिकवते आणि प्रसंगी स्वयंपाकघरही आवरते. जर्मनीत सुईण घरी येते, आणि नोकरी करणाऱ्या आईस प्रसूतीपूर्वी सहा व नंतर आठ आठवडे रजा असते. त्या आठ आठवड्यांत तिला कामावर बोलावण्यास कायद्यानेच मनाई आहे. ब्रिटनमध्ये आरोग्यसेविका घरी येऊन, 1987 साली एडिंबरा येथे तयार झालेली दहा प्रश्नांची यादी विचारून बाळंतिणीच्या मनाची अवस्था तपासतात. आपल्या घरांत बाळंतिणीला पन्नास माणसे भेटून जातात, पण तुला उदास वाटते का, हे विचारणारे त्यात क्वचित असते.

म्हणून नेदरलँड्सच्या उटरेक्टमधल्या मुलीने तेथेच बाळंत व्हावे आणि आईने पंधरवड्याने पोचावे, हे मला शहाणपणाचे वाटते. टेक्ससमधल्या एखाद्या एकाकी अपार्टमेंटमध्ये, जिच्या आईला व्हिसा मिळालेला नाही आणि नवऱ्याची रजा संपत आली आहे, अशा मुलीने सहाव्या महिन्यात हुडकेश्वरला येणे तितकेच शहाणपणाचे. एकच नियम दोघींना लावता येणार नाही.

आईने तिकडे जायचे ठरले तर तिच्या मुक्कामाचा कागदही पाहावा लागतो. अमेरिकेत प्रवासी व्हिसावर एका वेळी सहसा सहा महिने राहता येते, शेंगेन देशांत कोणत्याही 180 दिवसांत 90 दिवसच, आणि कॅनडाच्या सुपर व्हिसावर एका वेळी पाच वर्षांपर्यंत. साठीतल्या त्या बाईची रक्तदाबाची औषधे आणि तिचा स्वतःचा प्रवास विमा, या दोन गोष्टी घाईत विसरल्या जातात. तिची पेटी मात्र महिनाभर आधीपासून भरत असते. जुन्या धोतराचे मऊ लंगोट, शिवलेली गोधडी, अळीव, खारकेची पूड, भाजलेली बाळंतशेप, आणि तुपात तळलेल्या डिंकाचे लाडू कागदात एकेक गुंडाळून डब्यात घट्ट बसवलेले. अमेरिका व ऑस्ट्रेलियात प्रत्येक खाद्यपदार्थ विमानतळावरच्या फॉर्मवर जाहीर करावा लागतो आणि बियाणे, दुधाचे पदार्थ अडवले जातात. लपवल्यास दंड होतो. शेकशेगडी मात्र इथेच सोडावी. बंद खोलीत निखाऱ्याचा धूर कोंडणे आईला व बाळाला कोणत्याही देशात अपायकारकच आहे. बाळगुटीही सहा महिने नको, तोवर नुसते आईचे दूध, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते आणि नागपूरचे बालरोगतज्ज्ञही तेच सांगतात. लेकीने तिकडच्या परिचारिकेचे ऐकले म्हणून आईने आपला अपमान मानू नये.

ठरवण्याची योग्य वेळ विसाव्या आठवड्याच्या सुमाराची, गर्भाची सविस्तर सोनोग्राफी झाल्यावरची. जुळे असेल, वार खाली असेल, रक्तदाब चढत असेल, पूर्वी अपुऱ्या दिवसांचे बाळंतपण झाले असेल, तर प्रवासाचा विषय तेथेच संपवावा. तसे काही नसेल तर आपले म्हणणे मुलीने प्रथम सांगावे आणि ते ऐकूनच सासर-माहेरच्या वडील मंडळींनी बोलावे. शरीर तिचे आहे आणि रात्रीही तिच्याच जागायच्या आहेत. यायचे ठरले तर तिकडच्या सर्व तपासण्यांच्या प्रती बरोबर हव्यात. जर्मनीत प्रत्येक गर्भिणीला मुटरपास नावाची छोटी पुस्तिका देतात, तिच्यात रक्तगटापासून प्रत्येक भेटीतल्या वजनापर्यंत सारे टिपलेले असते. तिच्यातल्या जर्मन संज्ञांसमोर इंग्रजी अर्थ तेथल्याच डॉक्टरांकडून लिहून आणावेत. तिकडच्या सोनोग्राफीच्या अहवालात मुलगा की मुलगी हे लिहिलेले असले तर ते पान मुलीने स्वतःजवळच ठेवावे, कारण असे सांगण्यास इकडे कायद्याने बंदी आहे आणि महाराष्ट्राने तर ती 1988 मध्येच, देशाच्या आधी, घातली. बाळाला जन्मतःच दिली जाणारी बीसीजीची लस अमेरिकेत देत नाहीत, तेव्हा लसींचे इकडचे पत्रक परत जाताना सोबत न्यावे. आणि तिकीट काढण्यापूर्वी नागपुरातल्या ज्या डॉक्टरांकडे नाव घालायचे आहे त्यांना ही सारी फाइल पाठवून, आपण या अवस्थेत या मुलीची जबाबदारी घ्याल का, हे विचारून त्यांचा होकार घेतलेला असावा.